जमीन होती, तरीही : ब्यूफर्ट काउंटीतील कृष्णवर्णीय शेतकऱ्यांचा प्रश्न

अमेरिकेतील कृष्णवर्णीय शेतकऱ्यांवरच्या लेखनात एक वाक्य हमखास येते : गुलामगिरी संपली, पण कबूल केलेले ‘चाळीस एकर आणि खेचर’ काही मिळाले नाही. दक्षिणेतल्या बहुतेक भागाबाबत ते खरे आहे. दक्षिण कॅरोलायनाच्या किनाऱ्यावरची ब्यूफर्ट काउंटी मात्र या वाक्यात बसत नाही. इथे, विशेषतः सेंट हेलेना बेटावर (नेपोलियनच्या कैदेचे सेंट हेलेना वेगळे), कालच्या गुलामांना जमीन मिळाली, रीतसर कागदाने मिळाली आणि तिचा बराच भाग पिढ्यान्‌पिढ्या टिकला. जमीन वाटली असती तर काय झाले असते, हा प्रश्न इतरत्र कल्पनेतच सोडवावा लागतो. या काउंटीत तो दप्तर उघडून तपासता येतो. म्हणून इतिहासकार, अर्थशास्त्रज्ञ आणि कायद्याचे अभ्यासक इथे पुन्हा पुन्हा येतात. त्यांचे एकमत मात्र झालेले नाही.

जमीन आली कशी

अमेरिकेच्या यादवी युद्धात, ७ नोव्हेंबर १८६१ रोजी, उत्तरेच्या आरमाराने ब्यूफर्टजवळची पोर्ट रॉयलची खाडी ताब्यात घेतली. दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी करायला आरमाराला तळ हवा होता. याच नाकेबंदीने लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तोडला, मुंबईत भाव चढले, वऱ्हाडाच्या कापसाला बरे दिवस आले आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच मुंबईतले सट्टेबाज रस्त्यावर आले. आपल्याकडच्या वाचकाला या किनाऱ्याची ओळख असलीच, तर ती या बाजूने.

तोफा वाजताच ब्यूफर्टचे मळेवाले घरेदारे टाकून पळाले. मागे राहिले सुमारे दहा हजार गुलाम आणि शेतात उभा असलेला ‘सी आयलंड’ कापूस. हा लांब, रेशमासारख्या धाग्याचा, तलम सुतासाठी लागणारा आणि साध्या कापसाच्या कितीतरी पट भावाचा वाण होता. या माणसांचे आणि मळ्यांचे काय करायचे, यातून ‘पोर्ट रॉयल प्रयोग’ उभा राहिला. उत्तरेतून शिक्षक आले, मिशनरी आले, व्यवस्थापक आले. लॉरा टाउन आणि एलन मरी यांनी १८६२ मध्ये सेंट हेलेनावर पेन स्कूल सुरू केले.

जमिनीचा मालकीहक्क बदलला तो मात्र करवसुलीच्या कायद्यातून. बंडखोर राज्यांवर लावलेला प्रत्यक्ष कर भरला नाही म्हणून १८६२ च्या कायद्याने मळे जप्त झाले आणि १८६३ पासून त्यांचे लिलाव सुरू झाले. काही ठिकाणी मुक्त झालेल्यांनी वर्गणी काढून मळे घेतले. पुढे अनेकांना दहा-वीस एकरांचे तुकडे एकरी सुमारे दीड डॉलरने मिळाले. ज्या रॉबर्ट स्मॉल्सने १८६२ मध्ये चार्ल्स्टनच्या बंदरातून दक्षिणेचे जहाज पळवून आणले, त्याने ब्यूफर्टमधले आपल्या जुन्या मालकाचे घर अशाच करलिलावातून घेतले. तो पुढे काँग्रेसचा सदस्य झाला.

इथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. जनरल शर्मनच्या १६ जानेवारी १८६५ च्या आदेशाने चार्ल्स्टनच्या दक्षिणेचा किनारपट्टा मुक्त कुटुंबांसाठी राखून ठेवला आणि सुमारे चाळीस हजार माणसे त्यावर वसली. ते हक्क राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी त्याच वर्षी मागे घेतले आणि शेजारच्या जॉर्जियाच्या किनाऱ्यावर लोकांना उठावे लागले. करलिलावाची खरेदी तशी मोडता आली नाही. स्मॉल्सच्या घराचा दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १८७८ मध्ये न्यायालयाने करलिलावाचा हक्क वैध ठरवला. शेजारी शेजारी असलेल्या दोन किनाऱ्यांचे नशीब वेगळे झाले, त्यात कुणाच्या दयेचा भाग थोडा आणि कागदाच्या जातीचा मोठा.

कापूस की मका

या क्षेत्रातला सर्वांत जुना वाद पहिल्याच हंगामात सुरू झाला. बॉस्टनचा एडवर्ड फिलब्रिक हा गुलामगिरीचा विरोधक होता, पण मुक्त मजूर गुलामापेक्षा स्वस्तात आणि जास्त कापूस पिकवतो हे त्याला सिद्ध करायचे होते. १८६३ मध्ये त्याने भागीदारांच्या पैशाने अकरा मळे घेतले. फुकट किंवा स्वस्तात जमीन दिली तर माणूस कष्टाची किंमत विसरेल, असे त्याचे म्हणणे. मजुरांचे मत निराळे होते. कापूस खाता येत नाही आणि तो पिकवण्यातच आपली हाडे झिजली, हे त्यांना ठाऊक होते. त्यांना आधी मका, रताळी, डुकरे, कोंबड्या आणि खाडीतली मासळी हवी होती, कापूस रोखीपुरता. फिलब्रिकने एकरी डॉलरभरात घेतलेली जमीन पुढे एकरी पाच डॉलरने विकायला काढली, तेव्हा विश्वासच उडाला.

विली ली रोझ यांच्या १९६४ च्या ‘रिहर्सल फॉर रिकन्स्ट्रक्शन’ या ग्रंथाने हा संघर्ष अभ्यासाच्या मध्यभागी आणला. एरिक फोनर यांनी १९८३ मध्ये जवळच्या कोंबाही नदीकाठच्या भातमळ्यांतला १८७६ चा संप अभ्यासला. तिथले मजूर रोख पैशाऐवजी मालकाच्या दुकानात चालणाऱ्या चिठ्ठ्या घ्यायला नकार देत होते, आणि मध्यस्थीला स्मॉल्स गेला होता. बेटावर स्वतःचा तुकडा असलेला माणूस मजुरीला ‘नाही’ म्हणू शकत होता. भातमळ्यातल्या माणसाकडे तुकडा नव्हता, म्हणून त्याला संप करावा लागला.

रोख नव्हती, कर्जही नव्हते

मग ब्यूफर्टचा शेतकरी गरीब होता की नव्हता? उत्तर मापावर ठरते.

युद्धानंतरच्या दक्षिणेच्या अर्थकारणावर १९७७ मध्ये दोन पुस्तके आली. रॉजर रॅन्सम आणि रिचर्ड सच यांनी दाखवले की गावच्या दुकानदाराकडची उधारी, तिच्यासाठी तारण पडलेले पीक आणि त्यामुळे डोक्यावर बसलेली कापसाची सक्ती यांनी कृष्णवर्णीय कुळांना जखडून ठेवले. रॉबर्ट हिग्ज यांनी स्पर्धेवर भर दिला : मजूर एका मालकाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकत होता आणि जुलूम असूनही उत्पन्न वाढत गेले. हा वाद मुख्यतः बटाईने कसणाऱ्या अंतर्भागाचा. सेंट हेलेनाचा शेतकरी बटाईदार नव्हता, दुकानदाराच्या वहीत तो त्या मानाने कमी अडकला होता. पण दहा एकर आणि एक बैल किंवा खेचर, यातून शिल्लक पडत नव्हती. रोख पैसा बाहेरून यायचा : पुरुष नदीतून फॉस्फेट काढण्याच्या कामावर, बायका आणि मुले शेतात, हंगामात कालवे.

२७ ऑगस्ट १८९३ च्या रात्री आलेल्या वादळाने ही जोडणी तोडली. दोन हजारांच्या आसपास माणसे गेली असे सर्वसाधारणपणे मानले जाते. मृतांत बहुसंख्य बेटांवरचे कृष्णवर्णीय. विहिरी खाऱ्या झाल्या, बी-बियाणे गेले, क्लारा बार्टनच्या रेड क्रॉसने पुढचे काही महिने माणसे जगवली. फॉस्फेटचा धंदा त्यानंतर उठलाच नाही. उरलेला कापूस १९१८-१९ च्या सुमारास बोंडातल्या सोंडकिड्याने संपवला. तरणी मुले सॅव्हाना, चार्ल्स्टन, न्यूयॉर्ककडे निघाली. १९२७ मध्ये पूल झाला आणि वाट सोपी झाली.

त्या पडत्या काळात, १९२८ मध्ये, उत्तर कॅरोलायना विद्यापीठाचे अभ्यासक बेटावर आले. टी. जे. वूफ्टर यांचे ‘ब्लॅक योमनरी’ १९३० मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातले चित्र आजही वादात उद्धृत होते. हातात पैसा फार कमी; पण घर स्वतःचे, जमीन बहुतेक बोजाविरहित, गुन्हे नगण्य, मृत्युदर आजूबाजूच्या प्रदेशापेक्षा कमी. वूफ्टर यांना इथे स्वाभिमानी छोटा शेतकरी दिसला. याला आक्षेप असा की हे अभ्यासक पेन स्कूलच्या आधाराने काम करत होते आणि हातकामाचे शिक्षण देऊन माणसाला गावातच सुखी ठेवावे हा त्या शाळेचा तेव्हाचा ध्यास होता. ज्यांना बेटावर समाधान सापडायचे होते त्यांना ते सापडले. आक्षेपात तथ्य आहे, तरी बोजा नसलेली खाती आणि मृत्युदराचे आकडे आक्षेपाने नाहीसे होत नाहीत.

जमिनीचा परिणाम इतर घटकांपासून सुटा करून पाहण्याचा एक नेटका प्रयत्न ब्यूफर्टबाहेरचा आहे. मेलिंडा मिलर यांनी २०११ मध्ये चेरोकी या मूळनिवासी राष्ट्रातल्या मुक्त गुलामांचा अभ्यास मांडला. तिथे त्यांना सामाईक जमीन कसण्याचा हक्क मिळाला होता, आणि १८८० पर्यंत तिथली वांशिक विषमता उर्वरित दक्षिणेपेक्षा कमी होती. म्हणजे जमिनीने फरक पडतो. तो पुढे किती काळ टिकतो, हे ब्यूफर्टमध्ये पाहावे लागते.

जमीन गेली कशी

देशभरचे आकडे आधी. १९२० मध्ये सुमारे ९,२५,००० कृष्णवर्णीय शेतकरी होते, देशातल्या शेतांपैकी साधारण १४ टक्के. १९४० ते १९७४ या काळात त्यांची संख्या सुमारे ६,८२,००० वरून ४५,६०० वर आली. म्हणजे सर्वांत मोठी गळती नागरी हक्कांचे कायदे झाले त्याच पिढीत झाली.

एक पक्ष म्हणतो, हे शेतीचेच झाले. यंत्रे आली, शेते मोठी झाली, छोट्या गोऱ्या शेतकऱ्यानेही जमीन सोडली; कृष्णवर्णीयांची शेते मुळातच लहान, म्हणून फटका जास्त. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे की शेत लहान का राहिले, हे विचारल्याशिवाय ते कारण म्हणून पुढे करता येत नाही. इतिहासकार पीट डॅनिएल यांनी ‘डिस्पझेशन’ (२०१३) मध्ये कृषी खात्याच्या कागदांतून दाखवले की कर्ज, पेरणीचे कोटे आणि सल्ला या तिन्हींची किल्ली काउंटीतल्या निवडलेल्या समित्यांच्या हातात होती आणि या समित्यांवर कृष्णवर्णीय सदस्य जवळजवळ नव्हते. कर्ज मंजूर व्हायचे, पण पेरणीचा हंगाम टळल्यावर. नागरी हक्क आयोगाने १९६५ मध्ये आणि पुन्हा १९८२ मध्ये हेच सरकारी भाषेत नोंदवले. २०२२ मध्ये डॅरिक हॅमिल्टन, थॉमस मिचेल आदी पाच अभ्यासकांनी १९२० ते १९९७ मधल्या भूहानीची आजची किंमत सुमारे ३२६ अब्ज डॉलर काढली. भेदभावाचा वाटा आणि बाजाराचा वाटा वेगळा काढणे त्यांनाही पूर्णपणे जमलेले नाही, आणि कदाचित दोन्ही एकमेकांत इतके मुरलेले आहेत की ती वजाबाकी करताच येणार नाही.

ब्यूफर्टमध्ये या दोन्हींपेक्षा तिसरे कारण वरचढ ठरले : जमिनीची किंमत. १९५६ मध्ये हिल्टन हेड बेटाला पूल जोडला गेला. तोवर तिथली वस्ती बहुतांश गल्ला भाषा बोलणाऱ्या कृष्णवर्णीयांची होती. पुढच्या दोन-तीन दशकांत फाटकबंद वसाहती आणि गोल्फची मैदाने आली, आणि आज तिथे कृष्णवर्णीय रहिवासी दहात एकही नाही. सेंट हेलेनावर मोठ्या कंपन्यांनी टोमॅटो घेतले, त्यासाठी जमीन भाड्याने घेतली आणि फिरते मजूर आणले. स्थानिक माणसाला नोकरी मिळाली ती पॅरिस आयलंडच्या लष्करी तळावर किंवा हॉटेलात. शेती संध्याकाळची आणि शनिवारची झाली. किनाऱ्याला लागून असलेल्या एकराचा भाव वाढला की करआकारणीही वाढते. शेतजमिनीला करसवलत आहे, पण किमान क्षेत्राच्या किंवा विक्रीच्या अटीवर, आणि तुकड्यात वाटल्या गेलेल्या जमिनीला ती अट जड जाते. कर थकला की ऑक्टोबरात लिलाव. ज्या मार्गाने जमीन आली त्याच मार्गाने ती जाते आहे, हे इथल्या वृद्धांना कुणी समजावून सांगावे लागत नाही.

सामाईक जमिनीचा पेच

आता या क्षेत्रातला सध्याचा सर्वांत जिवंत वाद. मृत्युपत्र न करता माणूस गेला की जमीन सगळ्या वारसांची सामाईक होते. मग त्यांच्या वारसांची. चार पिढ्यांनी पन्नास-साठ हिस्सेदार, त्यातले निम्मे न्यूयॉर्कला. सातबाऱ्यावर डझनभर नावे आणि वारसनोंद आजोबांच्या काळापासून रखडलेली, हे दृश्य ज्याने पाहिले आहे त्याला पेच सांगायला नको. फरक एवढाच की तिथे कोणत्याही एका हिस्सेदाराला वाटपाचा दावा लावता येई आणि जमीन तुकड्यांत वाटणे सोयीचे नसेल तर न्यायालय सबंध जमिनीचा लिलाव करी. बिल्डरने दूरच्या एका चुलत नातेवाइकाचा हिस्सा विकत घ्यायचा आणि दावा लावायचा, ही रीतच पडली.

‘इमर्जन्सी लँड फंड’ या संस्थेने १९८० मध्ये आग्नेय राज्यांचा अभ्यास केल्यापासून सामाईक मालकी हे भूहानीचे मोठे कारण मानले जाते. कायद्याचे प्राध्यापक थॉमस मिचेल यांच्या मसुद्यातून २०१० मध्ये आदर्श कायदा तयार झाला : आधी बाजारभावाने मूल्यांकन, मग इतर हिस्सेदारांना दावा लावणाऱ्याचा हिस्सा घेण्याची पहिली संधी, मग शक्यतो प्रत्यक्ष वाटप, आणि लिलाव अगदी शेवटी. दक्षिण कॅरोलायनाने तो २०१६ मध्ये स्वीकारला आणि त्याला सिनेटर क्लेमेंटा पिंकनी यांचे नाव दिले. चार्ल्स्टनच्या चर्चमध्ये १७ जून २०१५ रोजी मारले गेलेले हे पाद्री-आमदार. ब्यूफर्टचा काही भाग त्यांच्याच मतदारसंघात होता.

दुसरी बाजूही ऐकण्याजोगी आहे. जॅनिस डायर आणि कॉनर बेली यांनी अलाबामात (२००८) पाहिले की लोक सामाईकपणाकडे अडचण म्हणून नव्हे तर आधार म्हणून बघतात : शहरात नोकरी गेली तर परतायला जागा आहे, कोणा एकाला ती विकून टाकता येत नाही. सेंट हेलेनावरही ही धारणा खोल आहे. सगळे चुलते-मावश्या एका ‘कंपाउंड’मध्ये राहतात आणि मधला रस्ता सगळ्यांचा. हक्क एकाच्या नावे स्वच्छ केला की बँक कर्ज देते, शेतीचे अनुदान मिळते, वादळानंतरची मदत मिळते. पण स्वच्छ हक्काची जमीन विकायलाही सोपी असते. चार्ल्स्टनमधले वारसजमिनीचे केंद्र २००५ पासून मधली वाट काढते : मृत्युपत्रे, कुटुंबाची कंपनी किंवा न्यास, आणि जोडीला जंगलशेतीचे उत्पन्न. मला ही वाट पटते, पण ती कासवगतीची आहे; एकेका कुटुंबाची वंशावळ जुळवायला वर्षे लागतात.

नुकसानभरपाई

या भागाचा इतिहास बातम्यांतून आला असल्याने थोडक्यात. कर्जातल्या भेदभावाबद्दल कृष्णवर्णीय शेतकऱ्यांनी कृषी खात्यावर केलेला ‘पिगफर्ड’ खटला १९९७ मध्ये लागला, १९९९ मध्ये तडजोड झाली. सोप्या मार्गाने मान्य झालेल्या दाव्याला ५०,००० डॉलर. उशिरा आलेल्यांसाठी २०१० मध्ये १.२५ अब्ज डॉलरची दुसरी तडजोड. २०२१ मधली चार अब्जांची कर्जमाफी गोऱ्या शेतकऱ्यांच्या दाव्यांमुळे न्यायालयात अडकली. २०२२ मध्ये ती रद्द होऊन वंशाचा उल्लेख नसलेली योजना आली आणि जुलै २०२४ मध्ये ४३,००० हून अधिक जणांना सुमारे दोन अब्ज डॉलर वाटल्याचे जाहीर झाले. २०२५ मध्ये कृषी खात्याने आपल्या योजनांतून वंश आणि लिंगावर आधारलेला ‘सामाजिकदृष्ट्या वंचित’ हा निकषच काढून टाकला.

या सगळ्या योजना कर्जाभोवती बेतलेल्या आहेत. कर्ज मागितले आणि नाकारले किंवा अन्यायाने दिले, हे दाखवावे लागते. अंतर्भागातल्या कापूस-सोयाबीनवाल्याला ते लागू पडते. कागद स्वच्छ नाही म्हणून बँकेच्या पायरीवर कधी गेलाच नाही, अशा बेटावरच्या माणसाचे नुकसान या साच्यात पडत नाही. या विषयावरच्या लेखनात हा मुद्दा मला फार थोड्या ठिकाणी दिसला.

मोजणी, आणि बाकीचे

२०२२ च्या कृषिगणनेत ४६,७३८ कृष्णवर्णीय शेतकरी नोंदले गेले. १९७४ च्या आकड्याशी हे जवळपास जुळते, आणि म्हणूनच फसवे आहे. मधल्या १९९७ च्या गणनेत हाच आकडा अठरा हजारांच्या आसपास होता. पुढे एका शेतावर एकाहून अधिक कसणारे मोजू लागले, वगळलेली शेते शोधली गेली, आणि वाढ दिसू लागली. नेथन रोझेनबर्ग आणि ब्राइस स्टकी यांनी २०१९ मध्ये या वाढीच्या आकड्यांवरच प्रश्न उभा केला. खरी वाढ किती आणि मोजणीची किती, यावर अजून समाधानकारक उत्तर नाही. शेत म्हणजे वर्षाला हजार डॉलरची विक्री होऊ शकेल अशी जागा, ही व्याख्या १९७४ पासून तशीच आहे. महागाईने तिचा अर्थ दरवर्षी थोडा पातळ होतो.

काउंटीपुरता वाद सध्या नियोजनाच्या नियमाभोवती आहे. १९९९ पासून सेंट हेलेनावर फाटकबंद वसाहती, रिसॉर्ट आणि गोल्फ मैदानांना बंदी आहे. २०२३ मध्ये एका विकासकाने पाइन आयलंडसाठी सूट मागितली. काउंटी कौन्सिलने ती नाकारली. नियमाच्या बाजूचे म्हणतात, हिल्टन हेड डोळ्यांसमोर आहे. गल्ला समाजातलेच काही जमीनधारक उलट विचारतात : पणजोबांनी घेतलेल्या जमिनीचा पूर्ण भाव मिळण्याची वेळ आली, तेव्हाच तिच्यावर संस्कृतीचे कुंपण का? दोघांचीही घरे त्याच रस्त्यावर आहेत, आणि अर्थशास्त्राला या दोन मूल्यांची बेरीज करता आलेली नाही.

खाऱ्या पाण्याचा प्रश्न तर अभ्यासकांनी नुकताच हाती घेतला आहे. भरतीची रेषा आत सरकते आहे आणि सर्वांत सखल तुकडे बहुतेक वेळा सर्वांत लहान धारकांचे. कसणाऱ्यांचे सरासरी वय साठीपुढे आहे. परतून आलेली काही तरुण माणसे भेंडी, रताळी आणि कॉलर्डची पाने थेट गिऱ्हाइकाला विकू लागली आहेत. सामाईक जमिनीच्या कोपऱ्यात, बहुतेक वेळा दुसरी नोकरी सांभाळून. पुढची कृषिगणना २०२७ सालची आहे. ही माणसे तिच्यात शेतकरी धरली जातील की परसबागवाले, हे तिच्या फॉर्मवरच्या व्याख्येवर ठरेल.